ताई, तुमच्या लाल पडद्यासाठी

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कबाहेर टपरीवर तर्री पोहे खाताना मी तुमच्याकडे एवढंच मागितलं होतं, की सर्व्हरवर लवकर जाता यावं. आमचे सर्व्हर चौदा. प्रत्येकाचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वेगळा, युजर वेगळा, तिघांचा तर पोर्टही (आत शिरायच्या दाराचा नंबर) नेहमीचा २२ नाही. सगळं एका वहीत. त्या मे महिन्यात वही समोर असूनही मी एक ओळ चुकलो आणि टेस्टचा समजून बिलिंगचा चालू, म्हणजे खऱ्या कामातला सर्व्हर रीस्टार्ट केला. कूलर फुल होता, तरी घाम फुटला.

तुम्ही पोह्यांची प्लेट बाजूला सारून वीसेक ओळींची बॅश स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलवर चालणाऱ्या आज्ञांची फाइल लिहिलीत. नाव ठेवलं 'जा'. 'जा बिल' टाइप केलं की त्यातली 'case' ही आज्ञा त्या नावाचा पत्ता शोधते आणि पुढे एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे नेणारा प्रोग्राम. मी लगेच म्हटलं, पासवर्डपण यातच टाकून देऊ. "काऊन रे बापा, घराची किल्ली दारालाच टांगून ठेवतं का कोणी?" मग तुम्ही सांगितलंत, की १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरचे पासवर्ड कोणीतरी चोरून वाचले, म्हणून तर तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. मुकाट्याने पासवर्डऐवजी एसएसएचच्या किल्ल्यांची (दोन फायलींची) जोडी बनवली. पब्लिक किल्ली सर्व्हरवर, प्रायव्हेट किल्ली माझ्या लॅपटॉपवर, तिला पासफ्रेजचं (परवलीच्या वाक्याचं) कुलूप लावून.

पण आभार खरे दुसऱ्याच गोष्टीचे. चालू सर्व्हर असला की तुमची स्क्रिप्ट टर्मिनल लाल करते आणि सर्व्हरचं पूर्ण नाव टाइप करायला लावते. मी वेग मागितला होता, तुम्ही न मागता ब्रेक बसवलात. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. (बाहेर पडल्यावर रंग परत आणायची ओळ माझ्याच हातून उडाली, तेव्हा दिवसभर लाल पडद्यात बसलो तो भाग वेगळा.)

पुढे कळलं, की नाव, युजर, पोर्ट ठेवायची सोय एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्येच आहे. सगळे पत्ते तिकडे हलवले. स्क्रिप्ट सात ओळींची झाली, आणि त्यात आता फक्त तुमचा ब्रेक उरलाय.

परवा रात्री दीड वाजता झोपेत 'जा बिल' मारलं. पडदा लाल झाला, नाव मागितलं. जायचं होतं टेस्टवर. कंट्रोल-सी दाबून थांबवलं आणि आधी पाणी प्यायलो.

तुमचा,
वहीवाला