खोक्यावरच्या चिन्हाने काम भागत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला स्मार्ट घरांवरचा लेख वाचला. 'खोक्यावर मॅटरचं चिन्ह बघा आणि कुठल्याही कंपनीचं उपकरण डोळे झाकून घ्या' हा मॅटरबद्दलचा, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरलेल्या मानकाबद्दलचा, त्यातला सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा खोका फोडल्यावर कळतो.

मॅटरचं श्रेय नाकारायचं नाही. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल आणि गूगल या एरवी एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या कंपन्या डिसेंबर २०१९ मध्ये समान मानकासाठी एकत्र आल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. आता एकच दिवा घरातल्या एकाच्या आयफोनवरून आणि दुसऱ्याच्या अँड्रॉइडवरून चालू शकतो. हुकूम घरातल्या घरात फिरतो, कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून येत नाही. हे लहानसहान काम नव्हे.

पण मॅटरचा निरोप वाहून नेणारा रस्ता वेगळा असतो: कधी वाय-फाय, कधी थ्रेड, म्हणजे छोट्या उपकरणांसाठीचं कमी वीज खाणारं बिनतारी जाळं. थ्रेडवरचा सेन्सर आणलात तर घरात थ्रेडचा बॉर्डर राउटर, म्हणजे ते जाळं घरातल्या वाय-फायशी जोडणारा दुवा, हवा. तो काही स्मार्ट स्पीकरमध्ये असतो, काहींत नसतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. ही अट खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडली तर नशीब. मग लोक उपकरण जोडण्यासाठीचा क्यूआर कोड पुन्हा पुन्हा स्कॅन करत बसतात आणि चांगल्या सेन्सरला नावं ठेवून तो परत करतात.

आणखी एक गंमत. विजेवर चालणारे थ्रेडचे किंवा झिगबी या तशाच दुसऱ्या बिनतारी जाळ्याचे दिवे शेजारच्या उपकरणांचे निरोपही पुढे पोचवतात. कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की दिवा तर जातोच, पण त्याच्या आधाराने चालणारा पलीकडच्या खोलीतला दाराचा सेन्सरही गप्प होऊ शकतो. दोष मात्र सेन्सरच्या कंपनीच्या माथी.

मॅटरमध्येही सगळं एकदम आलेलं नाही. दिवे, प्लग, कुलपं पहिल्यापासून आहेत. फ्रिज आणि झाडू मारणारे रोबो ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत आले, कॅमेऱ्यांना तर नोव्हेंबर २०२५ ची १.५ उजाडावी लागली. मानकात आलेली गोष्ट तुमच्या फोनवरच्या अ‍ॅपला त्याच दिवशी कळते असंही नाही. शिवाय दिव्यांचे खास रंगखेळ वगैरे बहुतेक वेळा कंपनीच्याच अ‍ॅपमध्ये राहतात. म्हणजे अ‍ॅपांची गर्दी कमी होते, संपत नाही.

जुन्या उपकरणांची तऱ्हा निराळी. एका कंपनीचं खातं दुसरीला जोडायचं, की फोनचा हुकूम दोन कंपन्यांचे सर्व्हर फिरून समोरच्याच दिव्याकडे येतो. इंटरनेट गेलं की हे जमवलेलं सगळं ठप्प. कंपनीच गेली तर? एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. पुढे ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर परत सुरू केले, पण दर वेळी असे ग्राहक कुठून आणायचे? होम असिस्टंटसारखी मोफत, मुक्त प्रणाली वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरातल्याच एका छोट्या संगणकावर एकत्र आणते आणि ती उत्तम आहे; फक्त तिची देखभाल करायची नोकरी घरातल्या एकाला कायमची लागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की इंटरनेट नसताना काय चालेल आणि सोबत घरात आणखी काय लागेल, हे खोक्याच्या दर्शनी भागावर ठळक छापणं कंपन्यांना बंधनकारक व्हावं. ब्रिटनमध्ये सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळणार, हे २९ एप्रिल २०२४ पासून सांगावंच लागतं. तेव्हा अशी सक्ती करताच येत नाही, हे काही खरं नाही.

तोवर आपलं वृत्तपत्र एक करू शकतं. पुढच्या वेळी अशा उपकरणांचं परीक्षण छापाल, तेव्हा राउटरमधली इंटरनेटची वायर काढून ती वापरून बघा आणि काय चाललं, काय अडलं ते लिहा. राउटर मात्र चालूच ठेवा. तोही बंद केला तर घरातलं वाय-फायच जाईल आणि त्या परीक्षेला काही अर्थ उरणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक