साहेब, लग्न झालं म्हणून माझा पाय बरा झाला नाही

मा. दिव्यांग कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर बीड जिल्ह्यात, सासर लातूर जिल्ह्यात. डाव्या पायाला पोलिओ, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र) 55 टक्के अपंगत्व. माहेरी शिवणकाम करायचे आणि संजय गांधी निराधारचा पगार मिळायचा. (कागदावर ते अनुदान आहे, आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात.) मार्च 2025 मध्ये माझं लग्न झालं आणि पगार बंद झाला.

या योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत लागतं. माहेरी आई आणि मी, दाखला सहज निघायचा. सासरी कुटुंब म्हणजे नवरा. ते सालगडी आहेत, म्हणजे वर्षाची मजुरी ठरवून मालकाच्या शेतात राबतात. स्वतःची गुंठाभर जमीन नाही. पण साल 1 लाख 10 हजारांचं. झालं, मी अपात्र! साहेब, सरकारचीच रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होती. 161 दिवस माती उचलली की माणूस 50 हजारांच्या पुढे जातो. म्हणजे ज्याला निम्मं वर्षसुद्धा काम मिळत नाही असाच नवरा आम्ही बघायचा का? आणि इकडे दिव्यांगाशी लग्न करणाऱ्या अव्यंग जोडीदाराला प्रोत्साहन म्हणून पैसे द्यायची योजना 2014 पासून चालू आहे. ते पैसे एकदाच मिळतात, पाय जन्माचा आहे.

लाडक्या बहिणीला मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्या हिशोबानं बहीण म्हणून मी गरीब आणि दिव्यांग म्हणून श्रीमंत. तो अर्ज मी भरला नव्हता, कारण तेव्हा निराधारचे 1,500 मिळत होते आणि दोन्ही घेता येत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये ते अर्जही बंद झाले. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचा पगार 2,500 झाला, ती बातमी मी घरात बसून वाचली.

सेतूवरचा पोरगा म्हणाला, "ताई, नाव माहेरच्याच रेशन कार्डावर ठेवायचं होतं. लग्न झालं हे कोणाला कळतंय?" माझ्या ओळखीच्या दोघी तसंच करतात. मला ते जमलं नाही. लग्न केलं ते लपवायला नाही.

लग्न न लपवण्याचा दुसरा फटका दवाखान्यात बसला. सासरच्या रेशन कार्डात नाव घालायचं तर आधी माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला लागतो. कमी एका आठवड्यात झालं. चढायला चार महिने गेले. त्याच दिवसांत मोरीत घसरले आणि नेमका पोलिओचाच पाय मांडीत मोडला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार मोफत, हे मला तोंडपाठ होतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्रानं (योजनेचं काम बघणारा माणूस) रेशन कार्ड मागितलं. नवऱ्यानं दोन्ही घरची कार्डं टेबलावर ठेवली. आरोग्यमित्रानं दोन्ही ऑनलाइन तपासली आणि म्हणाला, "पेशंट यातल्या कुठल्याच घरात नाही." मी स्ट्रेचरवरून ऐकत होते. ऑपरेशनचे 62 हजार नवऱ्यानं मालकाकडून उचल घेऊन भरले.

निराधार योजना सामाजिक न्याय खात्याकडे आहे, तुमच्याकडे नाही, हे माहीत आहे. पण 2022 मध्ये दिव्यांगांचं वेगळं खातं झालं ते आम्ही खात्याखात्यांत हेलपाटे घालू नयेत म्हणूनच ना? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 सांगतं की अशा योजनांत दिव्यांगाला इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत द्यावी. मला इतर बायकांएवढीही मिळत नाही. दिव्यांगाचं स्वतःचं उत्पन्न धरा, जोडीदाराचं नको. ते नसेल जमत तर निदान मर्यादा तरी लाडक्या बहिणीएवढी करा. तालुका बदलला तर यूडीआयडी नंबरावर फाइल पुढे पाठवा, नव्यानं अर्ज कशाला? आणि सासरच्या कार्डात नाव चढल्याशिवाय माहेरचं कमी करू नका, हे तर एका परिपत्रकाचं काम आहे.

पाडव्याला नवऱ्याचं नवं साल ठरेल. मालक 1 लाख 20 हजार म्हणतोय. त्यातले 62 हजार उचलीत कापले जातील, घरात 58 हजार येतील. उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र 1 लाख 20 हजारच लागतील.

आपली,
निराधारची एक जुनी लाभार्थी