झिरकोनिया कॅप नीट न बसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : उजवीकडील खालच्या पहिल्या दाढेवर (क्र. ४६) बसवलेली झिरकोनियाची (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची) डिजिटल कॅप

महोदय,

मी चिंचवडला राहतो. भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या दवाखान्यात मला तीन वेळा ऐकवण्यात आले, "काका, हे डिजिटल आहे, यात चूक होत नाही." सीएनसी, म्हणजे संगणकात भरलेल्या मापाने धातू कापणाऱ्या मशीनवर माझा निम्मा जन्म गेला. मशीन चुकत नाही हे मलाही मान्य आहे. पण त्याला जे माप द्याल तेच ते कापते.

रूट कॅनल झाल्यावर दाढ घासली आणि त्याच बैठकीत माप घेतले. हिरडीतून रक्त येत होते. डॉक्टरांनी कापूस दाबला, तोंडात स्कॅनर फिरवला आणि चार मिनिटांत समोरच्या पडद्यावर माझी दाढ उभी राहिली. बघून मी खरेच हरखलो. पूर्वी ट्रेमध्ये लगदा भरून तोंडात कोंबायचे, उमासे यायचे, त्यातून सुटका. पण पडद्यावर तीन बाजूंना दाढेची कड, म्हणजे कॅप जिथे येऊन टेकते ती रेषा, रेखीव होती आणि मागच्या बाजूला मात्र विरघळल्यासारखी पुसट. मी बोट दाखवून विचारले. उत्तर मिळाले, "ती लाइन लॅबवाले मारून घेतात."

तिथेच मी अडायला हवे होते. स्कॅनर म्हणजे शेवटी कॅमेराच. रक्ताखाली किंवा हिरडीखाली झाकलेली कड त्याला दिसत नाही. म्हणून हिरडीच्या खाचेत दोरा भरून ती बाजूला सारतात, जागा कोरडी करतात आणि मग स्कॅन घेतात. माझ्या दाढेला दोरा लावलाच नाही. न दिसलेली कड तुमच्या लॅबमध्ये कुणीतरी अंदाजाने आखली आणि मशीनने त्या अंदाजाबरहुकूम कॅप कापून दिली. झिरकोनियाची कॅप आधी वीस-पंचवीस टक्के मोठी कापून १५०० अंशांच्या आसपास भाजतात आणि मग ती आकसून मापावर येते, हे मला नंतर कळले. एवढे कसब, आणि ते एका दोऱ्याच्या आळसापायी वाया!

बसवताना कॅप उंच लागत होती. निळा कागद चावायला देऊन वीस मिनिटे ती घासली. तरी लागतेय म्हटल्यावर डॉक्टरांनी वरची दाढ घासली. माझी स्वतःची, कधी न दुखलेली. टूलरूममध्ये शाफ्ट बसत नाही म्हणून कुणी चांगले बेअरिंग घासले असते तर फोरमनने त्याला गेटबाहेर काढले असते. मला विचारलेही नाही. मी हात वर करेपर्यंत काम उरकले होते.

पाचव्या दिवशी जेवताना मेथीचा तंतू कॅप आणि तिच्या मागच्या दाढेमध्ये अडकला. तेव्हापासून रोज तेच. फ्लॉस घातला तर कडेला अडकून पिंजून बाहेर येतो. उजवीकडून चावणे मी सोडले आहे. तुमच्या हेल्पलाइनवर सांगितले तर म्हणाले, सवय होईल.

शेवटी घराजवळच्या दुसऱ्या दंतवैद्यांना दाखवले. त्यांनी टोकदार सळई कॅपच्या कडेवरून फिरवली. पुढून, गालाकडून, जिभेकडून ती घसरत गेली. मागे आली आणि टक्कन आत शिरली. एक्स-रेत तिथेच काळी रेघ दिसते. कॅप आणि दाढ यांच्यात साधारण १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालते, हा १९७१ पासूनचा संकेत त्यांनी सांगितला. म्हणजे ०.१२ मिलिमीटर. फट मोजायच्या माझ्या फीलर गेजमधली तेवढी पातळ पाती डोळ्यांपुढे आली. एक्स-रेत नुसत्या डोळ्यांना दिसते ती फट नक्कीच त्याहून मोठी आहे. तिथले सिमेंट झिजले की आत कीड लागणार, आणि रूट कॅनल झालेली दाढ ठणकून सांगणारही नाही.

तुमचे दहा वर्षांचे हमीपत्र वाचले. कॅप तडकली किंवा फुटली तर बदलून मिळेल, एवढेच त्यात आहे. न बसलेली कॅप फुटायची मी वाट बघत बसू काय?

ही कॅप कंपनीच्या खर्चाने कापून काढावी आणि हिरडी बरी झाल्यावर दोरा लावून नव्याने माप घ्यावे. स्कॅनरने घ्या नाहीतर सिलिकॉनच्या लगद्याने, माझा हट्ट नाही. कड पूर्ण दिसली पाहिजे. नवी कॅप चिकटवण्याआधी चारी बाजूंनी तपासून मला दाखवावी. ते जमत नसेल तर १४,००० रुपये परत करावेत, मी दुसरीकडे करून घेईन. काहीही ठरले तरी माझ्या स्कॅनची फाइल मला हवी, आणि वरची दाढ किती व का घासली हे केसपेपरवर लेखी हवे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. कृपया फोनवरून समजूत काढू नये.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : पावती, हमीपत्र व एक्स-रे यांच्या प्रती. मूळ एक्स-रे माझ्याकडेच राहील.