अकरा दिवस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून रोज कागद घेऊन बसते आणि उठते. "असलं चारचौघांत छापतात का" असं मी बोलायला नको होतं. तेव्हा तुझी कविता एकदाच वाचली होती, आता सात-आठदा झाली. तात्यांनी अंकातलं ते पान कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. मला सांगितलं नाही; उदबत्त्या शोधताना सापडलं.

'माझ्या देहाच्या चंद्रभागेला अकरा दिवस पूर, आणि विटेवरचा पाय मागे घेत नाही.' पहिल्यांदा संतापच आला. पांडुरंगाच्या पायाशी हे कशाला नेलं पोरीनं? मग भाकऱ्या थापताना एकदम उमगलं, की तिथं तू मला उभं केलंयस.

तू सात वर्षांची होतीस. दिंडीबरोबर निघायच्या आधी मी मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या. रात्रभर रांगेत उभं राहायचं, आणि पायावर डोकं ठेवायच्या वेळी कावळा शिवला तर? दर्शन झालं. घरी आल्यावर मात्र अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. रात्री मागच्या दारी कपडे धूत होते, तर तू उठून आलीस. "आई, लागलं का गं?" मी म्हटलं, जा, झोप. मला वाटायचं तू विसरलीस.

म्हणून विचारते, हे अकरा दिवस तुझे आहेत की कवितेचे?

असो. याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

आमच्या भजनात सोयराबाईंचा अभंग असतो. 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध.' पुढं त्या विचारतात, विटाळ देहातच जन्मला, मग सोवळं झालं कोण? चौदाव्या शतकातली बाई, चोखोबांची बायको. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ, देवळाच्या बाहेर. त्यांच्या लोकांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. हे सगळं मला पाठ होतं. टाळ वाजवून मी तो अभंग म्हणायचे आणि महिन्याचे चार दिवस पडवीत बसायचे. तुलाही बसवलं, बारावीच्या परीक्षेत सुद्धा. पाण्याला शिवलीस म्हणून आजीनं अख्खी घागर ओतून दिली, ऐन उन्हाळ्यात, आणि मी गप्प राहिले. ते माझं चुकलं, मुक्ता.

सोयराबाई आत्म्याचा हात धरून बोलतात. तू आत्म्याचं नावच घेत नाहीस. देहालाच नदी म्हणतेस, आणि तीही जिच्यात आंघोळ करून लोक पावन होतात ती. हे माझ्या डोक्यातून जात नाही. गोदाकाकूंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, मग म्हणाल्या, "परत वाच."

पण पुराला अकराच दिवस का? कवितेला सात चालले नसते का? सातच्या वर गेलं तर डॉक्टरांना दाखवायचं, हे मी अंगणवाडीत पोरींना सांगते. त्यांना लोहाच्या निळ्या गोळ्या देते, हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की मागं लागते, गोळीवर लगेच चहा पिऊ देत नाही. आणि माझीच पोर पुण्यात दिवसाला पाच चहा पिते, रात्री वडापाववर भागवते. दिवाळीत तुझी नखं पांढरी दिसत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं.

बघ, पुन्हा सुरू झाले. रागावू नकोस. कवितेबद्दल लिहायचं होतं गं, पण माझं वाचन अकरावरून पुढं सरकतच नाही.

शनिवारी विलासमामा येतोय. त्याच्याबरोबर शेंगदाण्या-गुळाचे लाडू आणि खारीक पाठवतेय, मैत्रिणींना वाटून संपवू नकोस. कविता पुन्हा कुठं वाचणार असशील तर कळव, मला यायचंय. मागं बसेन.

फोनवर एवढंच सांग, अकरा खरे की कवितेतले. सांगायचं नसेल तर रक्त तपासून घे आणि रिपोर्ट मामाकडं दे. मी काही बोलणार नाही.

तुझी,
आई