बाबांची नखं

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आईची नखं काढायला काही वाटत नाही रे, पण पुढे चार दिवस ते तुकडे पायाला टोचत राहतात, त्याचा वैताग येतो." तेव्हा गडबडीत होतो, नुसतं हं म्हटलं. आत्ता बाबांची नखं काढून, हात धुऊन लिहायला बसलोय.

मलाही पूर्वी तो वैतागच वाटायचा. पण बाबांची साखर जुनी, तळव्यांना आता फारसं कळत नाही. मागच्या पावसाळ्यात एक तुकडा त्यांच्या टाचेत रुतला. त्यांना पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी चादरीवर डाग दिसला तेव्हा मी पाय उचलून पाहिला. एवढ्याशा नखापायी दीड महिना मलमपट्टी चालली. तेव्हापासून शेवटचा तुकडा हाती लागेपर्यंत मी उठत नाही.

नख वाळलेलं असलं की उडतं. नेलकटरच्या पात्यांत ते दाबलं जातं, वाकत नाही आणि कट्‌कन तुटून कुठल्या कुठे जातं. आंघोळीनंतर ते पाणी प्यायलेलं असतं, मऊ पडतं, तुटलं तरी जागीच राहतं. म्हणून आंघोळ झाली, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्या की लगेच बसायचं. बादलीत पाय भिजवत मात्र ठेवत नाही. साखर असलेल्यांनी ते करू नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. एका दाबात अख्खं नखही घेत नाही. थोडं थोडं, सरळ रेषेत, कोपरे न कोरता. डाव्या हाताचा आडोसा वर धरलेला असतोच.

खाली वर्तमानपत्र घेऊ नकोस. त्यावरून तुकडे घसरतात, आणि छापील अक्षरांत नख दिसत नाही. मी बाबांचं जुनं धोतर चौपदरी करून, ओल्या हाताने जरा दमट करून अंथरतो. पडलेला तुकडा तिथेच चिकटतो. चटई, सतरंजी आधीच गुंडाळून बाजूला. विणीत शिरलेलं नख केरसुणीला दाद देत नाही, हे तुला सांगायला नको. वसतिगृहात तू माझ्या कॉटवर बसून नखं काढायचास आणि रात्री मी सोलापुरी चादर झटकत बसायचो!

आता मुख्य गोष्ट. अंगठ्याचे तुकडे मी तळहातावर जुळवून बघतो. तीन-चार तुकड्यांची मिळून एक पट्टी होते, पिवळट, कडेला जाड. मध्ये फट राहिली की समजायचं, एक कुठेतरी पडलाय. मग मोबाईलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवायचा. वरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात एवढ्याशा तुकड्याचीही लांब सावली पडते. आज करंगळीचा एक सापडेना. कपाटाखाली पाहिलं, दाराच्या फटीत पाहिलं, आणि शेवटी बाबांच्या लेंग्याच्या दुमडीत मिळाला. बाबा तोवर हलले नाहीत, पाय तसाच माझ्या मांडीवर ठेवून बसले होते. सगळं उरकल्यावर बोटांना चिकटपट्टी उलटी गुंडाळून फरशी थोपटून घेतो. केर त्यानंतर.

बाबा शनिवारी नखं काढू देत नाहीत, दिवेलागणीनंतरही नाही. शनिवारचं मला माहीत नाही, पण संध्याकाळचं मला पटतं. अंधारात पडलेलं नख कुणाला दिसणार? पायाची नखं महिन्याला दीड-दोन मिलिमीटरच वाढतात, हाताच्या निम्मी. एखादा रविवार चुकला तरी बिघडत नाही.

काकूंच्या उजव्या अंगठ्याची कड मांसात जातेय म्हणालास, तेवढी मात्र तू कोरू नकोस. दाखवून ये आणि काय म्हणाले ते मला कळव. त्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
खोलीतला जोडीदार