विषय : दोन एलपींच्या संचात पहिलीच एलपी दोनदा आल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी आपल्या प्रतिनिधीने फोन ठेवला आणि पाठोपाठ ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश आला, म्हणून हे लेखी कळवणे भाग पडले. निराकरण झालेले नाही.

मॅक्स रोच आणि सेसिल टेलर या जॅझ वादकांच्या ‘हिस्टॉरिक कॉन्सर्ट्स’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचा, दोन एलपींचा (ग्रामोफोन तबकड्यांचा) संच मी पूर्ण रक्कम आगाऊ भरून मागवला. पाकिटातून पहिलीच एलपी दोनदा निघाली. दोन्हींची लेबले तीच आहेत आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यात, दिव्याखाली तिरके धरल्यावर दिसणारे कोरीव क्रमांकही तेच आहेत. त्याचे फोटो आपल्याकडे पोहोचले आहेत.

प्रतिनिधीचे म्हणणे असे, की संचात दोन एलपी लिहिल्या होत्या आणि दोन मिळाल्या. दुसरी एलपी वेगळी असायला हवी, असे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले, “पण सर, दोन्हींवर पियानो आणि ड्रमच आहे ना?” मी होय म्हणालो. त्यावर, “मग फरक काय पडतो? हे म्युझिक तसंही सगळं सारखंच वाटतं,” असे ऐकवून त्यांनी पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केले. मी वरिष्ठांशी बोलण्याची विनंती केली, तेव्हा फोन ठेवला गेला.

फरक काय पडतो, हे जॅझच्या एलपी विकणाऱ्या कंपनीला सांगावे लागू नये. १५ डिसेंबर १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मॅकमिलिन थिएटरमध्ये हे दोघे एकत्र वाजवायला बसले, तेव्हा सोबत बेस नव्हता, सॅक्सोफोन नव्हता. रोच हे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या काळापासूनचे, बीबॉप या वेगवान जॅझ शैलीचे ड्रमर, तर टेलर पियानोच्या ८८ पट्ट्या तालवाद्यासारख्या वाजवणारे. आधी दोघांचे स्वतंत्र वादन होते आणि मग ते एकमेकांना भिडतात. पियानोचा लोंढा अंगावर येत असताना रोच नुसता ठेका धरून बसत नाहीत. ते टॉम या ड्रमवरून उत्तर देतात, मध्येच थांबून जागा सोडतात आणि टेलर ती जागा घेतात. हा संवाद दुसऱ्या एलपीवर पुढे चालतो. ती नसेल तर माझ्या हाती अर्धीच मैफल उरते, आणि पैसे मात्र मी पूर्ण मैफलीचे मोजले आहेत.

आपल्या यादीत जॅझ इतक्या आस्थेने मांडलेले पाहूनच मी आपल्याकडे वळलो होतो. त्या आस्थेचा मागमूसही फोनवर सापडला नाही, याचे मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते.

मला कूपन नको, दुसरी एलपी हवी आहे. जादा आलेली प्रत आपल्या खर्चाने घेऊन जावी आणि योग्य प्रत पंधरा दिवसांत पाठवावी. ते शक्य नसेल तर संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. माझी तक्रार ‘निकाली’ म्हणून केलेली नोंद आजच दुरुस्त करावी.

आपला,
एक ग्राहक