मदर गेल्या

वेस्ट फिलाडेल्फिया,
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय आई,

तुला, बाबांना आणि दादा-वहिनीला प्रभूमध्ये सलाम.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "कोण एवढी लागून गेली ती म्हातारी, की कामावर रजा टाकून मातीला गेलीस?" तुला त्या 'शेजारच्या बाई' एवढ्याच माहीत. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंही. शिवाय दवाखान्यात पडलेल्या एका बाईची दोन मुलं घरी ठेवायचं दादा-वहिनीने मनात घेतलंय ते वहिनीकडून कळलं, आणि तुझा त्याला विरोध आहे हेही कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाबांना मोठ्याने वाचून दाखव, नाहीतर ते चष्मा शोधत बसतील.

आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे, मधली भिंत दोघांची. प्रत्येक दारापुढे चार-पाच पायऱ्या, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी अख्खी गल्ली त्या पायऱ्यांवर. मदर आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायच्या. त्यांच्या चर्चमध्ये वयाने आणि मानाने मोठ्या बाईला मदर म्हणतात. गल्लीही तेच म्हणायची, मीही. वय ८१. जन्म साउथ कॅरोलिनातला, लहानपणी आईबापांबरोबर इकडे आल्या. त्या काळात दक्षिणेतली काळी माणसं अशीच गाव सोडून उत्तरेला येत होती. १९१० ते १९७० या काळात साठेक लाख माणसं आली म्हणतात. बसमध्ये मागे बसा, पाणी वेगळ्या नळावर प्या, राबा कापसाच्या शेतात आणि मार खा, हे सगळं मागे टाकून. आमची गट्टी जमली ती शेंगांवरून. तिकडे भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात, अगदी आपल्यासारख्या. मी एकदा पायरीवर बसून खात होते, तर त्या न विचारता शेजारी येऊन बसल्या आणि मूठभर उचलल्या.

नवरा बस चालवायचा, स्वतः शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. पोटची तीन मुलं. १९८५ नंतर या शहरात क्रॅक नावाच्या नशेने घरंच्या घरं बसवली. चर्चमधल्याच एका तरुण बाईची दोन मुलं उपासनेला एकटी येऊ लागली, मग न जेवता येऊ लागली. मदरनी त्यांना घरी नेलं. पुढे सरकारी माणसं आली, कागद झाले, आणि मदर रीतसर फॉस्टर आई झाल्या. त्यानंतर तीस वर्षं त्या घरात कुणा ना कुणाचं मूल होतंच.

आता तुझा मुद्दा, "परक्याची पोरं ठेवून घ्यायची म्हणजे दत्तकच की." तसं नाही गं. फॉस्टरमध्ये मूल कोर्टाच्या ताब्यात असतं. आईबाप सावरले की परत द्यायचं, हेच मुळात ठरलेलं. देशभरात १९९९ च्या सुमारास अशी साडेपाच लाखांवर मुलं होती, आता साडेतीन लाखांहून कमी आहेत. परवाना मिळवायचा तर पोलिसांकडून चौकशी, प्रशिक्षण, घराची तपासणी: धूर झाला तर भोंगा वाजतो का, औषधं कुलपात आहेत का, झोपायला जागा आहे का. मुलावर हात उगारायचा नाही. मदर म्हणायच्या, माझ्या तिघांच्या वेळी हा नियम असता तर त्यांचं बरंच वाचलं असतं.

सरकार दरमहा काही पैसे देतं. त्यावरून गल्लीत कुजबुज व्हायचीच, पैशासाठी पोरं ठेवते म्हणून. मदर त्यावर भांडत नसत. बोलणाऱ्या बाईच्या हातात दुधाच्या, बुटांच्या, केस विंचरायच्या तेलाच्या पावत्या ठेवायच्या आणि म्हणायच्या, तू बेरीज कर, मला जमत नाही.

एक गोष्ट मी स्वतः पाहिली. त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्यात खालचा कप्पा मुलांचा. त्यात बिस्किटं, केळी, छोटे ज्यूसचे डबे, पावाचा पुडा. त्या कप्प्याला दार नव्हतं, त्यांनीच काढून ठेवलेलं. नवीन आलेली मुलं पाव चोरून उशीखाली ठेवतात, कारण उद्या मिळेल याची खात्री नसते. एक सहा वर्षांची मुलगी रात्री चारदा उठून तो कप्पा बघून जायची. काही घ्यायची नाही, नुसती बघायची. मदर जाग्या असायच्या, पण आवाज द्यायच्या नाहीत. सकाळी पहिलं काम, कप्पा भरायचा. त्या मुलीच्या उशीखालचा पाव बंद व्हायला चार महिने लागले. मदरनी तारीख बायबलच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती, तिचा दात पडल्याच्या तारखेखाली.

शनिवारी संध्याकाळी पायरीवर वेण्यांचा कारखाना. मुली एकीखाली एक बसलेल्या, मदरच्या गुडघ्यांत डोकं, हातात कंगवा आणि तेल. रविवारी चर्चला बिनविंचरल्या डोक्याने जायचं नाही. एकदा एक गोरी मुलगी आली, तिचे केस मऊ, वेणी टिकेना. मला हाक मारली, "तुमच्याकडे कशी घालतात, दाखव." मी तिपेडी घालून दिली. तुझ्या हातच्या घट्ट वेण्यांची आठवण आली, डोळे ताणले जायचे तशी.

त्यांचं चर्च एएमई, म्हणजे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, या काळ्या ख्रिस्ती लोकांच्या पंथाचं. तो पंथ याच शहरातला. रिचर्ड ॲलन नावाचा गुलाम, त्याने पैसे साठवून स्वतःला सोडवून घेतलं, पुढे उपदेशक झाला. गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्यांना उठवायला लागले, तेव्हा ही मंडळी बाहेर पडली आणि १७९४ साली त्यांनी आपलं चर्च उभारलं, मदर बेथेल. मला मदर तिथे घेऊन गेल्या होत्या. तळघरात ॲलन यांची कबर आहे. आपल्याकडे ह्यूम चर्चला पाहुणा आला की बाबा जसे तासभर सोडत नाहीत, तसं त्यांनी मला सोडलं नाही.

उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना त्या करायच्या आणि त्यात मुलांच्या सख्ख्या आईचं नाव मोठ्याने घ्यायच्या. 'तिला बरी कर, तिला हे मूल परत घेण्याजोगी कर.' काहींना ते खटकायचं. ज्या बाईने पोर उपाशी टाकलं तिचं नाव वेदीपुढे कशाला? आई, खरं सांगते, मलाही आधी ते पटलं नव्हतं. पण सहा वर्षांच्या त्या मुलीला मी तेव्हा पाहिलं, डोळे मिटायचे सोडून ती आजूबाजूला बघत होती, आपल्या आईचं नाव कोणकोण ऐकतंय ते.

मदरचं सरकारशी एकच भांडण. १९९७ च्या कायद्याने ठरवलं, की मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टरमध्ये राहिलं तर, काही अपवाद सोडून, आईबापाचे हक्क संपवायला सरकारने कोर्टात जायचं. हेतू चांगला, मुलं वर्षानुवर्षं लटकू नयेत. पण नशेतून बाहेर यायला कुणाला किती वर्षं लागतील ते त्या कायद्याला काय ठाऊक? एका मुलाची आई शुद्धीवर येऊन दारात उभी राहिली तेव्हा मुलगा कायद्याने दुसऱ्या राज्यातल्या कुटुंबाचा झाला होता. मदरनी तिला आत घेतलं, जेवू घातलं. त्या दिवसाबद्दल त्या पुढे बोलत नसत.

मातीला सगळं पांढरं. मानकरी बायका पांढऱ्या कपड्यांत, दारावरच्या सेवकांच्या हातात पांढरे हातमोजे, रडून कुणी कोसळलं तर सावरायला नर्सच्या वेशातल्या बायका. रडणं कमी, गाणं जास्त. तीन तास चाललं. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं, छापील पुस्तिकेतच लिहिलेलं. पाळकसाहेबांनी, मदरच्या घरी राहिलेले उभे राहा म्हटलं, तर मधल्या पाच-सहा रांगा उठल्या. पोलीस होता, न्हावी होता, कडेवर बाळ घेतलेली एक होती.

थोरली मुलगी बोलायला उठली. म्हणाली, "आमची आई आम्हाला कधीच एकट्याला मिळाली नाही. वाढदिवसाचा केकसुद्धा नऊ जणांत." कुणी दचकलं नाही, उलट मागून 'खरंय, खरंय' असे आवाज आले. मला ते आवडलं. आपल्याकडे मेलेल्या माणसाला लगेच संत करतात आणि घरच्यांचं राहून जातं.

शेवटी एक बाई उठली, साठीची, हातात कागद नाही. ती मदरकडे राहिलेली नव्हती. १९८५ नंतरची ती पहिली दोन मुलं, त्यांची आई. म्हणाली, "दर रविवारी ही बाई माझ्या पोरांना नटवून मला भेटवायला आणायची आणि मला विचारायची, 'आज त्यांना काय जेवायला देऊ, तू सांग.' मी घाणीत पडलेली, आणि ही मला विचारायची." दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. हातमोजेवाला सेवक जागचा हलला नाही.

नंतर तळघरात जेवण: तळलेली कोंबडी, कोलार्ड नावाची पालेभाजी, मॅकरोनी, आणि 'पाय' म्हणतात तो रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ. मी उकडलेल्या शेंगा नेल्या होत्या, संपल्या.

आता दादा-वहिनीचं. दवाखान्यात पडलेल्या त्या माउलीची दोन मुलं ती सावरेपर्यंत ठेवायची म्हणतायत, तर ठेवू दे. लोक काय म्हणतील हे तू मदरच्या गल्लीवरून ओळख. मात्र तोंडी व्यवहार नको. बालकल्याण समितीकडे जाऊन कागद करून घ्या. आई-बाप गंभीर आजारी असले तरी शासनाची बालसंगोपन योजना लागू होते, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. मिळायला उशीर होईल, दादाने आधीच तयारी ठेवावी. वहिनीला सांग, मुलांना दर आठवड्याला त्यांच्या आईकडे न्यायचं, आणि काय खायला घालू ते तिलाच विचारायचं. आणि फडताळाचा खालचा खण तू रिकामा कर. त्यात तुझ्या लोणच्याच्या बरण्या आहेत, मला माहीत आहे.

बाबांच्या साखरेचा रिपोर्ट कळव. त्यांना म्हणावं, चहा दोनदाच.

तुझी,
धाकटी